वैनगंगेकाठची पावले आणि पोटरीतील अधिक स्नायू

कोणत्याही मुलखाचा इतिहास लिहिताना तेथील राजवटी, किल्ले, जमाबंदी आणि बाजारपेठा यांची नोंद आपण आवर्जून घेतो. परंतु ज्या पायांवर उभी राहून त्या मुलखातील माणसे तो इतिहास घडवितात, त्या पायांची कैफियत सहसा कोणत्याही दफ्तरात दाखल झालेली आढळत नाही. भंडारा जिल्ह्याच्या बाबतीत ही उणीव विशेष खुपते, कारण हा जिल्हा शब्दशः पायांनी उभारलेला आहे. कोहळी समाजाने पाळी घालून जी तळी निर्माण केली आणि जी पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखली गेली, त्यांची माती माणसांनी पायांनीच तुडविली आणि डोक्यावरून वाहिली. त्या तळ्यांच्या पाण्यावर आषाढ-श्रावणात ज्या बांध्या भरतात, त्यांतून रोवणी करणाऱ्या स्त्रिया दिवस दिवस कमरेत वाकून, चिखलात रुतलेला पाय क्षणोक्षणी उपसून, पावलापावलाने मागे सरकत असतात. पवनी, मोहाडी आणि आंधळगाव येथील कोष्टी खड्डामागावर पाय खाली सोडून बसतो आणि रेशमाच्या प्रत्येक धाग्यागणिक पायाने मागाच्या पट्ट्या दाबतो. आणि तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींत मजूर खडकाळ उतारावरून चढउतार करीत आपली रोजी कमावतो. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अंमलाने या मुलखाचा बंदोबस्त केला, मालगुजारांचे हक्क कायम केले, शेतांची आणि तळ्यांची मोजणी केली, आणि १९०८ साली रसेल यांच्या संपादनाखाली जिल्ह्याचा गॅझेटियरही सिद्ध झाला; तथापि चालताना घोट्यामागे उठणाऱ्या कळेस अशा ग्रंथांत स्वतंत्र स्थान मिळण्याचा प्रघात नव्हता.

या लेखाचा विषय त्या कळेच्या अनेक कारणांपैकी एक विरळ कारण आणि त्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हा आहे. कित्येक माणसांच्या पोटरीत, निसर्गाच्या नेहमीच्या योजनेत नसलेला एक अधिक स्नायू जन्मतःच असतो. बहुधा तो आयुष्यभर निमूट राहतो, परंतु काहींच्या बाबतीत तारुण्याच्या उंबरठ्यावर तो घोट्याच्या आतल्या बाजूस सुजेसारखा दिसू लागतो आणि चालणे, धावणे, उभे राहणे दुष्कर करून टाकतो. विषय लहान आहे खरा. परंतु शरीराच्या सामान्य आराखड्यावरून एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट पायाकडे वैद्याची दृष्टी कशी वळली, याचा वृत्तांत त्याच्या इतिहासात जितक्या स्वच्छपणे वाचावयास मिळतो, तितका मोठमोठ्या रोगांच्या इतिहासातही क्वचितच मिळतो.

आरंभ आपल्याकडील प्राचीन शल्यशास्त्रापासून करणे उचित होईल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानवी देहातील मांसपेशींची संख्या ५०० सांगितली असून त्यांपैकी ४०० हातापायांत, ६६ धडात आणि ३४ मानेत व मस्तकात वाटून दिल्या आहेत. एका पायाच्या वाट्याला येणाऱ्या १०० पेशींपैकी घोटा आणि गुडघा यांच्या मधल्या भागात, म्हणजे जिला आपण पोटरी आणि नडगी म्हणतो तेथे, २० पेशी मोजलेल्या आहेत. आजच्या शरीररचनाशास्त्राची गणना याहून वेगळी आहे. परंतु आकड्यांच्या जुळणीपेक्षा त्यामागील पद्धती अधिक महत्त्वाची आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री भिजू द्यावा आणि मग त्वचेपासून एकेक थर हळूहळू घासून काढीत आतील सर्व अवयव प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे, असा विधी त्या ग्रंथाने घालून दिला आहे, आणि शास्त्राने सांगितलेले व डोळ्यांनी पाहिलेले या दोहोंचा मेळ घातल्यावाचून शल्यवैद्याचे ज्ञान पुरे होत नाही, अशी त्याची निःसंदिग्ध धारणा आहे. त्याच ग्रंथात गुल्फ, म्हणजे घोटा, हे रुजाकर मर्मांमध्ये गणलेले आहे. ज्या आठ स्थानी आघात झाला असता वेदना हेच प्रमुख लक्षण उरते, त्यांत दोन्ही पायांचे घोटे येतात. पाऊल वेडेवाकडे पडल्याने घोट्याच्या आश्रयाने जी व्यथा उत्पन्न होते, तिला वातकंटक असे नाव असून रक्तमोक्षण, एरंडतेल आणि तापविलेल्या सुईने डागणे हे उपचार पुढील ग्रंथकारांनी तिच्यासाठी सांगितले. घोट्याचे दुखणे हे स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगे दुखणे आहे, ही जाणीव आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

दुर्दैव असे की, ज्या प्रत्यक्ष दर्शनावर हे शास्त्र उभे होते, ते दर्शनच पुढील शतकांत मागे पडले. मृतदेहाचा स्पर्श निषिद्ध ठरला, शस्त्र वैद्याच्या हातातून निसटले, आणि ग्रंथातील संख्या पाठांतरापुरती उरली. खेड्यापाड्यांत हाड बसविणारे कुशल हात होते, लेप होते, शेक होता, डाग देण्याची चाल होती, आणि साध्या मुरगळीवर व निखळलेल्या सांध्यावर त्यांचा गुणही येत असे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु कातडीखाली जे जन्मतःच अधिक आहे, त्याचा ठाव डागाने किंवा लेपाने लागणे शक्यच नव्हते. देह उघडून पाहण्याची परंपरा हिंदुस्थानात पुन्हा सुरू झाली ती १८३६ साली, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी जनरूढीचा रोष पत्करून शवविच्छेदन केले तेव्हा. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली स्थापन झाले आणि भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तेथील पहिल्या पदवीधरांत होते. मध्यप्रांतात ही सोय फार उशिरा आली. नागपूरचे रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ साली सुरू झाले आणि पूर्ण दर्जाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर १९४७ साल उजाडल्यावरच उघडले. तोवर भंडाऱ्याच्या रुग्णाला सरकारी दवाखाना आणि स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांचे रुग्णालय, एवढाच पाश्चात्त्य वैद्यकाचा आधार होता. आणि त्या काळच्या डॉक्टरांपुढे देवी, पटकी, हिवताप आणि दुष्काळातील उपासमार यांचे जे डोंगर उभे होते, त्यांत पोटरीतील एखाद्या अधिक स्नायूचा शोध घेण्यास त्यांना उसंत मिळणे शक्यच नव्हते.

तो शोध लागला होता पॅरिसमध्ये, आणि तोही एका शवावर. रोगशारीरविद्येचे थोर अध्यापक ज्याँ क्रुव्हेलिए यांनी १८४३ साली या अधिक स्नायूचे वर्णन केले. पोटरीत वरवर असणारा दुहेरी गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली पसरलेला रुंद सोलियस हे दोन्ही मिळून टाचेच्या मागील जाड कंडरेत विलीन होतात, ही सामान्य रचना होय. क्रुव्हेलिए यांनी वर्णिलेला स्नायू सोलियसच्या आतील पृष्ठावरून किंवा त्याच्या लगतच्या हाडांवरून उगम पावतो, कंडरेच्या पुढच्या बाजूने खाली उतरतो, आणि कंडरेस किंवा टाचेच्या हाडास येऊन मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा स्नायुवैचित्र्यांच्या सूची करण्याचे जणू व्रतच युरोपातील शारीरविदांनी घेतले. आयर्लंडमध्ये मॅकॅलिस्टर यांनी त्यांची दीर्घ यादी प्रसिद्ध केली, फ्रान्समध्ये तेस्त्यू यांनी १८८४ साली आणि ल दुब्ल यांनी १८९७ साली त्यांवर ग्रंथ लिहिले, आणि डार्विन यांनी १८७१ साली मानवाच्या उत्पत्तीविषयी लिहिताना अशा अधिक स्नायूंचा दाखला प्राण्यांशी असलेल्या आपल्या नात्याचा पुरावा म्हणून दिला. हा सर्व उद्योग विद्येच्या दृष्टीने थोर असला, तरी त्यात एक मोठी उणीव होती. ज्यांच्या पायात हे स्नायू सापडले, ती माणसे विच्छेदनाच्या मेजावर येईपर्यंत कोणाला त्यांच्याविषयी काही ठाऊक नव्हते. जिवंतपणी तो पाय दुखत होता की नाही, हा प्रश्न त्या सूचींत उपस्थितच होत नाही. शंभर शवांच्या मागे एकापेक्षा कमी ते पाच-साडेपाच, या प्रमाणात हा स्नायू निरनिराळ्या पाहण्यांत आढळला. म्हणजे तो विरळ असला तरी अपवादभूत नव्हे, आणि लाखोंच्या वस्तीच्या जिल्ह्यात तो कित्येकांच्या पायात वसत असला पाहिजे, हे उघड आहे.

हा स्नायू का दुखतो, याचा उलगडा विसाव्या शतकात क्रमाक्रमाने झाला. टाचेची कंडरा आणि घोट्याचा सांधा यांच्या मधल्या त्रिकोणात निसर्गाने मऊ मेदाची गादी ठेवलेली असते. ऑस्ट्रियाचे हान्स कागेर यांनी १९३९ साली क्ष-किरणचित्रावर तिचा अभ्यास केल्यामुळे तो त्रिकोण त्यांच्या नावाने ओळखला जातो. अधिक स्नायू नेमका या जागेत शिरतो. त्याला स्वतःचे घट्ट आवरण असते. कष्टाच्या वेळी कोणताही स्नायू रक्ताने भरून फुगतो, परंतु या आवरणाला ताणले जाण्याची मुभा नसल्यामुळे आतील दाब वाढतो, रक्तपुरवठा अपुरा पडतो, आणि जी कळ विश्रांतीत नसते ती श्रमात उभी राहते. दुसरे असे की, घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागून तळपायाकडे जाणारी मज्जातंतूची आणि रक्तवाहिन्यांची जी वाट आहे, तीही या स्नायूच्या शेजारीच आहे. तो फुगला म्हणजे मज्जातंतू दाबला जाऊन तळव्याला मुंग्या येतात, जळजळ होते, कधी बधिरपणा येतो. लहानपणी स्नायूंचा आकार बेताचा असल्याने त्रास जाणवत नाही. वय वाढून पोटरी भरू लागली आणि अंगावर कष्टाचे काम पडू लागले, म्हणजे दहा ते तीस वर्षांच्या दरम्यान तो डोके वर काढतो. कामाच्या ओघात सुरू होणारी आणि घरी येऊन पडल्यावर ओसरणारी ही कळ आळसाची सबब ठरण्यास फार वेळ लागत नाही, आणि या दुखण्यातील सर्वांत मोठा अन्याय नेमका येथेच घडतो.

१९६२ साली केक आणि लॅम या दोघांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, घोट्यामागील अरुंद वाटेत मज्जातंतू दाबला जाण्याच्या व्याधीचे वर्णन केले. आणि १९६५ साली डन यांनी अमेरिकेतील अस्थिशल्यविद्येच्या नियतकालिकात पायातील अशा अधिक स्नायूंची प्रकरणे मांडून, ती वरून पाहता मऊ ऊतींच्या गाठींसारखी कशी भासतात, हे दाखविले. शल्यवैद्यकाच्या इतिहासात डन यांच्या या निबंधाचे मोल मोठे आहे. घोट्याच्या आतल्या बाजूस तरुण माणसाला सूज आली, ती हळूहळू वाढत आहे आणि दुखते आहे, एवढ्या लक्षणांवरून शल्यवैद्याच्या मनात मेदग्रंथी, रक्तवाहिन्यांची गाठ, किंवा प्रसंगी कर्कार्बुदाचीही शंका येणे स्वाभाविक होते. आणि त्या शंकेने चीर घेतल्यावर आत निरोगी तांबडे मांस दिसावे, असे प्रसंग घडत असत. क्ष-किरणचित्रात फार तर कागेर यांचा मेदाचा त्रिकोण झाकोळलेला दिसे. त्याच्या जागी काय आले आहे, हे ते चित्र सांगू शकत नसे. लॉटरबर यांनी १९७३ साली ज्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या चित्रणाचा पाया घातला आणि ज्याबद्दल त्यांना व मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते एमआरआयचे तंत्र रुग्णालयांत रुळल्यावर मात्र हा संभ्रम पुष्कळसा दूर झाला. कारण संशयित सुजेची छटा शेजारच्या स्नायूंच्या छटेशी तंतोतंत जुळते, हे त्या चित्रात शस्त्र न लावताच दिसू लागले. तरीही या सर्व यंत्रांच्या आधी करावयाची एक परीक्षा आहे आणि तिला कवडीचाही खर्च नाही. रुग्णाला चवड्यांवर उभे राहावयास सांगावे आणि सुजेवर बोटे ठेवावी. ती त्या क्षणी कठीण झाली आणि पाय सैल सोडल्यावर पुन्हा मऊ पडली, तर तेथे स्नायू असावा, असा अंदाज बांधण्यास हरकत नाही.

घोट्यामागे बोट ठेवून पाहण्याची ही विद्या भंडारा जिल्ह्याला परकी नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात कुष्ठरोगाचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले आहे, आणि त्या रोगात तळपायाला संवेदना पुरविणारा मज्जातंतू नेमका घोट्याच्या आतल्या हाडामागे जाड होतो व दुखतो. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवेचा आरंभ केला, १९४९ साली वरोड्यास बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली, आणि १९५५ पासून कुष्ठनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर कुष्ठतंत्रज्ञ नावाचा एक साधा कर्मचारी गावोगाव फिरू लागला. कोपराजवळ, गुडघ्याच्या बाहेरील अंगाला आणि घोट्यामागे चाचपून मज्जातंतू जाड झाला आहे काय, हे तो पाहत असे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून कुष्ठरुग्णांच्या हातांवर कंडरांच्या स्थानांतराच्या शस्त्रक्रिया केल्या, पुढे लुळ्या पडलेल्या पावलांसाठीही तशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि महाराष्ट्रात डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचनेच्या शल्यविद्येला आपले आयुष्य वाहिले. घोट्यामागील अरुंद वाट मोकळी करून दाबलेल्या मज्जातंतूला श्वास घेऊ देण्याची शस्त्रक्रिया कुष्ठरोगातही केली जाते. कारण भिन्न, रोग भिन्न. परंतु शल्यवैद्य ज्या चार बोटांच्या जागेत जपून उतरतो, ती जागा तीच. ज्या मुलखाने या जागेचे महत्त्व एका दारुण रोगाच्या सहवासात ओळखले, त्या मुलखात अधिक स्नायूची ओळख पटण्यास कोणतीही नवी दृष्टी लागत नाही. असलेली दृष्टी थोडी विस्तारली म्हणजे पुरे.

आता प्रत्यक्ष उपचाराविषयी. ज्याला त्रास नाही, त्याच्या स्नायूला हात लावू नये, हा पहिला दंडक होय. तो शरीराचा निरुपद्रवी विशेष आहे, आणि केवळ दिसतो म्हणून त्याला रोग मानणे हे शास्त्राचे लक्षण नव्हे. त्रास असल्यास आरंभी श्रम कमी करणे, पादत्राणात योग्य आधार देणे, व्यायामोपचार आणि वेदनाशामक औषधे यांचा अवलंब करतात, आणि सौम्य लक्षणे असणाऱ्यांना तेवढ्याने आराम पडू शकतो. तो न पडल्यास शस्त्रक्रियेचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात स्नायूभोवतीचे घट्ट आवरण उभे चिरून आतील दाब मोकळा करतात. दुसऱ्यात स्नायूच काढून टाकतात. स्नायू काढावयाचा असल्यास टाचेची कंडरा आणि घोट्याचे आतले हाड यांच्या मधोमध चीर घेऊन, मज्जातंतू व रक्तवाहिनी यांची जुडी प्रथम शोधून, अलगद बाजूला राखून, मग स्नायू त्याच्या टाचेकडील टोकापासून सोडवीत वर नेतात आणि त्याचा रक्तपुरवठा बांधून तो वेगळा करतात. हा स्नायू अधिक असल्यामुळे तो गेल्याने पोटरीच्या मुख्य बळास सहसा उणेपणा येत नाही. योग्य निवड झालेल्या रुग्णांत वेदना बहुधा शमते आणि रुग्ण पूर्ववत चालू-धावू लागतो. जन्मतः आत वळलेल्या पावलांच्या काही बालकांतही हा स्नायू आढळतो आणि टाच वर ओढून धरण्यास कारण होतो. अशा वेळी त्याचे टोक सोडविल्यावाचून पाऊल सरळ होत नाही. शस्त्रक्रिया फार मोठी नाही. परंतु तिच्यामागे भूल, निर्जंतुकता, विच्छेदनाची तपश्चर्या आणि चित्रणाचे तंत्र यांची दोन शतकांची पुण्याई उभी आहे.

हा सर्व ठेवा भंडाऱ्याच्या माणसापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र दीर्घकाळ नागपूरवरूनच गेला. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून गाडी धरून, किंवा एस.टी.ने सुमारे साठ किलोमीटरचे अंतर तोडून तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावयाचे, म्हणजे रोवणीच्या हंगामात मजुरी बुडवावयाची. आणि जी कळ पडून राहिल्यावर थांबते, तिच्यासाठी मजुरी बुडविण्याचे धाडस कोणती रोवणारी करील? हृदयाच्या किंवा पोटाच्या दुखण्याला घरात सहानुभूती मिळते. पायाच्या दुखण्याला श्रमाचे सहज फळ मानण्याची आपली रीत आहे, आणि स्त्रीच्या पायाच्या दुखण्याला तर दुखणे मानण्याचीही रीत नाही.

म्हणूनच २०२४ साली भंडारा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, या घटनेकडे केवळ प्रशासकीय सोय म्हणून पाहून चालणार नाही. वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ शरीररचनेच्या विच्छेदनगृहात होतो. म्हणजे सुश्रुताने सांगितलेले प्रत्यक्ष दर्शन आता या जिल्ह्याच्या भूमीवरच विद्यार्थ्यांना घडणार आहे. तेथे देहदान करणाऱ्या कोणा सुजनाच्या पोटरीत एखाद्या विद्यार्थ्याला ग्रंथात न रेखाटलेला स्नायू आढळेल, अशी प्रमाणाच्या हिशोबाने पुरेपूर शक्यता आहे. त्या वेळी अध्यापकाने त्याला ती केवळ शारीरशास्त्रातील नवलाई म्हणून दाखवू नये. मॅकॅलिस्टर आणि तेस्त्यू यांच्या सूचींत जो प्रश्न विचारलाच गेला नाही, तो त्याने विद्यार्थ्यापुढे ठेवावा: हा पाय जिवंतपणी काय काम करीत असेल, आणि तो दुखतो असे त्याने सांगितले असते, तर आपण ते मानले असते काय?

या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा बोध माझ्या मते एवढाच आणि एवढा मोठा आहे. सामान्य देहाचे ज्ञान हा वैद्याचा पाया होय, परंतु रुग्ण सामान्य देह घेऊन येत नाही. तो स्वतःचा देह घेऊन येतो, आणि त्या देहात एखादी गोष्ट अधिक असू शकते, उणी असू शकते, वेगळ्या जागी असू शकते. ग्रंथाशी न जुळणारी वेदना खोटी ठरविण्याऐवजी ग्रंथ पुन्हा तपासण्याची तयारी ज्या वैद्याने ठेवली, त्याच्याच हातून हे शास्त्र पुढे गेले. ज्या जिल्ह्यात भाताचा प्रत्येक दाणा, रेशमाचा प्रत्येक वार आणि मँगनीजचा प्रत्येक खडा कोणाच्या तरी पायाच्या बळावर बाजारात येतो, तेथील तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टराने, घोटा दुखतो म्हणून आलेल्या तरुण मजुराला गोळी देऊन परत पाठविण्यापूर्वी, एकदा चवड्यांवर उभे करून त्या जागी बोटे ठेवून पाहावे. एवढे जरी घडले, तरी या दीर्घ इतिहासाचे ऋण आपण काही अंशी फेडले असे होईल.